बेचाळीस फुटांचा उतार

शंभूबाबांनी रिह्याच्या खोऱ्यात, ओढ्याच्या वरच्या अंगाला, विहीर खणली. त्यांचे चिरंजीव कुशाबा यांनी ती काळ्या दगडात बांधून काढली. कुशाबांचे चिरंजीव कोंडिबा यांनी तिच्यावर आसपासच्या गावांतले पहिले इंजिन बसवले. आणि कोंडिबांच्या थोरल्या सूनबाई जाईबाई यांनी वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, त्याच विहिरीपासून तीस पावलांवर, बंगल्याच्या व्हरांड्यात खुर्चीवर ताठ बसून विचारले, "पोहण्याचा तलाव साडेतीन फूट खोल? त्यात पोहणार कोण, बदकं?"

समोर शरदचंद्र बसले होते. पिरंगुटचे, पन्नाशीचे, हळू आवाजात बोलणारे गृहस्थ. घराघरांतून तलाव आखून देणे हे त्यांचे काम. मांडीवर जाड पुठ्ठा, पुठ्ठ्यावर प्रश्नांची दोन पाने. घरात माणसे किती, पोहता कुणाला येते, गुडघे कुणाचे दुखतात, कोण कुठे घसरून पडले आहे, अशी चौकशी ते गेला तासभर करत होते, आणि उत्तरागणिक जाईबाईंच्या भुवया वर चढत होत्या. तलाव म्हणजे खड्डा खणायचा, फरशी बसवायची आणि पाणी सोडायचे, एवढीच त्यांची समजूत. त्यासाठी आपल्या मुलाची, साहेबरावांची, कंबर धरते हे परक्या माणसाला लिहून द्यायचे, या गोष्टीचाच त्यांना पहिला धक्का बसला होता.

"आजी, तलाव ज्याच्यासाठी करायचा त्याच्या मापाचा करावा लागतो," शरदचंद्र म्हणाले. "आरोही पाऊण उतार उतरली की तिच्या छातीला पाणी लागेल. टोकाला साडेतीन फूट. ते साहेबरावांच्या कमरेसाठी."

"आणि माझ्यासाठी?" अनिकेत म्हणाला. जाईबाईंचा हा नातू हिंजवडीला नोकरी करी, आणि तलावाची कल्पना मुळात आपल्याला सुचली असे त्याचे म्हणणे होते. "मला आठ फूट तरी पाहिजे. उडी मारता आली पाहिजे."

"अनिकेतराव, वर्षातून किती दिवस पोहाल?"

"दोन," त्याची बायको अपेक्षा म्हणाली. "एक फोटोचा आणि एक एकतीस डिसेंबरचा."

शरदचंद्रांनी आठ फुटांवर शांतपणे काट मारली. मग म्हणाले, "पाणी मात्र कोमट ठेवावं लागेल. गच्चीवर सूर्याची उपकरणं बसवू."

"एवढं पाणी तापवायचं?" जाईबाईंनी कपाळाला हात लावला. "आमच्या घरात बाळंतिणीला एक बंब मिळत असे आणि ती सात पिढ्यांचे उपकार मानत असे."

तरीही त्या उठून गेल्या नाहीत. कारण त्यांच्या पायाशी, सतरंजीवर, आरोही निजली होती. सात वर्षांची, अनिकेत-अपेक्षाची मुलगी, त्यांची पणती. जन्मतानाच काही बिनसले आणि पोरीचे पाय ताठ राहिले. पायांत पट्ट्या आणि दोन्ही हातांनी धरलेली चौकट, एवढ्यावर ती दहा पावले जाई. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते, की कोमट पाण्यात रोज चालवा. अंगाचा भार पाणी घेते, पाय मोकळे होतात. आणि जे काय करायचे ते पुढच्या दोन वर्षांत करा, मागाहून पाय ऐकायचे नाहीत. पुण्याच्या तलावावर नेऊन पाहिले. जाता-येता रस्त्यावरच्या गर्दीत तीन तास जात. पोर पाण्यात उतरण्याआधीच पेंगत असे. घरी तलाव करण्यावाचून दुसरा उपाय उरला नव्हता. आणि सातबाऱ्यावर नाव जाईबाईंचे होते. त्यांनी होकार दिल्याशिवाय त्या आवारात तुळसही हलत नसे.

आरोहीचे पाय चोळत सृष्टी बसली होती. गावातल्याच खालच्या आळीची, बौद्धवस्तीतली मुलगी. शिकून मोठी झालेली, लवळ्याला एका दवाखान्यात व्यायामोपचाराचे काम करणारी. आठवड्यातून दोनदा ती येई. तलाव झाला की पाण्यातले व्यायामही तीच घेणार होती. चहा आला तेव्हा शरदचंद्रांना कपबशी मिळाली आणि सृष्टीला कागदी पेला. तसे कुणी सांगितले नव्हते. त्या घरात अशा गोष्टी सांगाव्या लागत नसत.

"बरं," जाईबाई म्हणाल्या. "तापवा पाणी. जागा कुठली?"

शरदचंद्रांनी उठून सगळ्यांना पूर्वेच्या अंगणात नेले. आरोहीला अपेक्षाने कडेवर घेतले. फक्कीच्या पांढऱ्या रेघा त्यांनी सकाळीच मारून ठेवल्या होत्या. आरोहीच्या खोलीच्या दारापासून निघून त्या सरळ विहिरीच्या काठापर्यंत पोचत होत्या.

"पोरीनं पाण्यात स्वतःच्या पायांनी उतरायचं, असं अपेक्षावहिनींचं म्हणणं आहे," त्यांनी समजावले. "पायऱ्या तिला चालणार नाहीत. उतार पाहिजे, आणि तोही हळू. बारा फुटांना एक फूट. म्हणजे साडेतीन फुटांना बेचाळीस फूट लांबी. मागच्या अंगाला कातळ आहे, सुरुंग लावला तर विहिरीला तडा जाईल. पुढच्या अंगाला चढ. सलग सपाट बेचाळीस फूट या आवारात एकाच ठिकाणी मिळतात."

"आणि ते?" जाईबाईंनी काठी पुढे केली.

फक्कीच्या दोन रेघांच्या मधे, विहिरीपासून चार हातांवर, शेंदूर फासलेले सात दगड होते.

"ते थोडे हलवावे लागतील."

जाईबाईंनी काठी खाली टेकवली. मग म्हणाल्या, "शरदचंद्र, तुम्ही बाहेरचे आहात म्हणून ऐकून घेतलं. त्या आसरा आहेत. साती आसरा, पाण्याच्या राखणदार. त्या हलणार नाहीत."

"आजी, दगडच तर..." अनिकेतने तोंड उघडले.

"तुझा बाप त्या दगडांमुळे आहे. बाप नसता तर तू कुठून आला असतास?"

साहेबरावांनी मान खाली घातली. छप्पन्न वर्षांचे ते गृहस्थ ही हकीकत दर चैत्रात ऐकत आले होते. शरदचंद्रांनी ऐकली नव्हती, म्हणून जाईबाईंनी ती तिथेच, काठीवर दोन्ही हात ठेवून, उभ्या उभ्या सांगितली.

"बहात्तरचा दुष्काळ पडला, त्यानंतरचा उन्हाळा. विहिरीत जेमतेम पुरुषभर पाणी. साहेबराव तीन वर्षांचा. मी तव्यावरची भाकरी उलटायला आत गेले, आणि हा काठावरून आत पडला. आरडाओरडा ऐकून आम्ही धावलो, तर पोर काठावर पालथं पडलेलं. नखशिखांत भिजलेलं, ओकत होतं, जिवंत होतं. आसपास चिटपाखरू नव्हतं. फक्त ओल्या पावलांचे ठसे. बाईची पावलं, लहानशी. विहिरीपासून निघालेली आणि चार हातांवर वाळून गेलेली. माझ्या सासूबाईंनी त्या ठशांवर हळदकुंकू वाहिलं. सासऱ्यांनी तिथंच हे सात दगड मांडले. त्रेपन्न वर्षं झाली; एक चैत्र चुकला नाही. हिरवा खण, बांगड्या, दहीभात. जिनं माझं लेकरू परत दिलं तिच्या पावलांवरून तुम्ही माझ्या पणतीला चालवणार?"

शरदचंद्रांनी पेन खिशात ठेवले. अपेक्षाचे डोळे भरून आले. आरोहीने आईच्या कानाशी विचारले, "मग माझा तलाव नाही होणार?" ते सगळ्यांनी ऐकले.

तेव्हा मागून सृष्टीचा आवाज आला. "आजी, ती पावलं कुठल्या दिशेला गेली होती?"

"खाचरांकडे. का गं?"

सृष्टीने पलीकडे पाहिले. खाली भाताची खाचरे होती, पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेली. "खाचरांच्या पलीकडं आमची आळी आहे," ती म्हणाली.

कुणाला काही उमगण्याआधी जाईबाईंना ते उमगले, आणि त्यांच्या मानेवरची शीर ताठ झाली. "काय म्हणायचंय तुला?"

"ही गोष्ट आमच्या घरात पण सांगतात. तुमच्यासारखीच. फक्त त्यात आसरा नाहीत. माझी आजी आहे."

"मुली, जीभ आवर!"

"मी वाईट बोलले नाही, आजी."

"त्रेपन्न वर्षं तुझी आजी गप्प बसली, आणि आज अंगणात तलाव होतोय म्हटल्यावर तिला आठवलं?"

सृष्टीचा चेहरा उतरला, पण तिने नजर खाली केली नाही. "ती गप्प नव्हती. आमच्या आळीत शेंबड्या पोराला पण ठाऊक आहे. तुमच्यापर्यंत कुणी आणलं नाही, एवढंच."

तिने पिशवी उचलली, आरोहीच्या गालाला हात लावला आणि ती फाटकातून निघून गेली. साहेबराव विहिरीच्या काठावर मटकन बसले. जाईबाई त्यांच्यावर ओरडल्या, की तिथे बसू नकोस, पडशील. छप्पन्न वर्षांच्या माणसाला असे कुणी ओरडत नाही. परंतु त्या घटकेला त्यांना तो तीन वर्षांचाच दिसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाईबाई निघाल्या. मनात त्यांनी पक्के ठरवले होते, की जायचे, दोन प्रश्न विचारायचे आणि त्या बाईचे खोटे तिच्याच दारात उघडे पाडायचे. कारण त्या प्रसंगातली एक गोष्ट त्यांच्यावाचून आता दुसऱ्या कुणालाही ठाऊक नव्हती. ती त्यांनी शरदचंद्रांना सांगितली नव्हती, नवऱ्याला सांगितली नव्हती, खुद्द साहेबरावांनाही नाही. सासूबाईंनी तशी शपथ घातली होती.

"आई, गाडी काढतो," साहेबराव म्हणाले.

"नको. चारशे पावलं आहेत."

चारशेच पावले होती. पौडच्या हेडमास्तरांची ही लेक सतराव्या वर्षी या घरात आली, आणि सत्तावन्न वर्षांत ती चारशे पावले तिने एकदाही टाकली नव्हती. आळीच्या तोंडाशी निळ्या कमानीचा विहार, पुढे स्लॅबची घरे, दारात मोटारसायकली, कुंड्यांतून कर्दळी. कुठल्याशा घरातून रेडिओ लागला होता. जाईबाईंनी मनाशी जे चित्र धरले होते त्यातले तिथे काहीच नव्हते, आणि याचेही त्यांना विलक्षण आश्चर्य वाटले.

उषाबाई ओट्यावर पाय पसरून वाल सोलत बसल्या होत्या. बुटक्या, काळ्यासावळ्या, डोळ्यांवर जाड चष्मा. त्यांनी मान वर करून पाहिले आणि त्या उठल्या नाहीत.

"कोण मेलं?" त्यांनी विचारले.

"काय?"

"न्हाई, तुमच्या घरचं माणूस आमच्या आळीत आलं म्हंजी कोणतरी मेलं असंल न्हाईतर निवडणूक असंल. निवडणूक तर झाली."

"मी जाईबाई."

"वळखलं. लई लांब आलासा. बसा."

जाईबाई बसल्या नाहीत. "तुझ्या नातीनं काल माझ्या अंगणात एक गोष्ट सांगितली. ती मला तुझ्या तोंडून ऐकायची आहे. माझं पोर तू काढलंस म्हणतेस. कसं काढलंस? पोहायला येत होतं तुला?"

"कुटलं? अजून येत न्हाई."

"मग?"

उषाबाईंनी वालाची वाटी बाजूला ठेवली. "तुमच्या विहिरीला आतल्या बाजूनं दगूड बाहीर काढल्यात, पाय ठेवायला. त्याच्यावरनं उतरले. एका हातानं दगूड धरला आन दुसऱ्या हातानं पोरगं. त्याच्या कमरंला करदोटा होता, काळा, मधी चांदीचा मणी. त्याला धरून वडला. करदोटा तुटला, मणी गेला पाण्यात, पोरगं पुन्यांदा खाली गेलं. मग मी बघितलंच न्हाई कुटं धरतीया. पाठीवरच पंजा मारला. चार नखं रुतली असत्याल. रगात आलं होतं." त्या थांबल्या. "लेकराला लागलं म्हून लई दिस वाईट वाटायचं."

जाईबाईंच्या हातातली काठी फरशीवर पडली.

चार नखांचे ओरखडे. उजव्या खांद्याखाली, तिरपे. सासूबाईंनी दार लावून घेऊन त्यांवर हळद दाबली होती आणि सांगितले होते, की ही आसरांची नखे आहेत, कुणाजवळ बोलायचे नाही, बोललीस तर त्या पोर परत नेतील. करदोटा आसरांनी ठेवून घेतला, तो त्यांचा मान. दर चैत्रात खणाच्या घडीत लपवून जाईबाई चांदीच्या मण्याचा नवा काळा करदोटा त्या दगडांपुढे ठेवत आल्या होत्या. त्रेपन्न करदोटे. आणि जिच्या हातात पहिला तुटला ती चारशे पावलांवर वाल सोलत होती.

त्या ओट्याच्या पायरीवर बसल्या. आतून सृष्टी धावत आली. उषाबाईंनी तिला हाताने थांबवले.

"पळालीस का?" जाईबाईंचा आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू येईना. "पोर जिवंत काढलंस. थांबली असतीस तर..."

"तर? सांगा की. थांबले असते तर काय केलं असतं तुमच्या सासऱ्यांनी?"

उषाबाईंनीच उत्तर दिले.

"पोरगं आधी घेतलं असतं, व्हय. मग विहीर उपसली असती. गोमूत्र टाकलं असतं. आन माजा मालक तुमच्या गोठ्यावर कामाला होता, त्येला त्याच दिशी घरी बसवला असता. काठाला आमचा हात लागलेला चालत न्हवता, मी तर कमरंएवढी आत उतरलेली. माणसं आल्याली दिसली आन मी पळाले." उषाबाई अचानक हसल्या. "मागनं कळलं, माज्या पायांच्या ठशांना हळदीकुकू वाहिलं म्हून. आमी चार बाया इतक्या हसलो! म्हटलं, पाय चालत्यात यांना, बाई चालत न्हाई."

ते हसू जाईबाईंना सोसवले नाही. शेवटी त्या एवढेच म्हणाल्या, "भाकरी करपत होती. म्हणून मी आत गेले. नाही तर..."

"भाकरी?" उषाबाईंनी चष्मा वर केला. "कुटली भाकरी? कासार आला होता."

"नाही."

"आवं, न्हाई काय! आमी पाच जणी सकाळपासनं काठापासनं लांब बसलेल्या, कळश्या घिऊन. चौघी कटाळून गेल्या, मी ऱ्हायले. पाणी वाढायची पाळी तुमची. पिवळं लुगडं होतं तुमच्या अंगावर. तुमी पोहरा वर वढला, माज्या कळशीवर धरला, आन आतनं हाक आली, कासार आला म्हून. तर पोहरा तसाच काठावर ठेवला, मला म्हणालासा, 'थांब, वाढते,' आन गेलासा. पोरगं तितंच खेळत होतं. माजी बोंब ऐकून आलासा तवा मी खाचरात दडून बघत होते. कोपरापतूर हिरवा चुडा भरला होता."

रेडिओ चालूच होता. जाईबाईंनी आपल्या मनगटांकडे पाहिले.

चुडा. कासाराने पीठ लावून चढवलेला, घट्ट, हिरवा. त्या हातांनी त्यांनी ओले पोर उचलले होते आणि बांगड्या त्याच्या पाठीला लागल्या होत्या. सासूबाई म्हणाल्या होत्या, की विचारलं कुणी तर भाकरी करपत होती म्हणून सांग. त्यांनी सांगितले. मग पुन्हा सांगितले. इतक्या वेळा सांगितले, की तव्यावर करपणारी भाकरी त्यांना डोळ्यांपुढे दिसू लागली, तिचा वास येऊ लागला, आणि कासार त्या सकाळीतून नाहीसा झाला. दुसऱ्या कुणी त्यांना फसवले असते तर त्यांनी त्याची गय केली नसती. हे त्यांचे त्यांनीच केले होते.

त्या म्हणाल्या, "काय देऊ तुला?"

"मला काय नगं."

"साडी-चोळी देते. मानानं ओटी भरते."

"आमी ओटी घेत न्हाई. सोडलं ते समदं."

"ओढ्याकाठी पाच गुंठे आहेत माझ्या नावावर."

"त्येच्यावर मी काय करू? वाल?" उषाबाईंनी वाटी पुन्हा पुढे ओढली. "मी मागायला आले न्हवते. तुमी आलासा."

मग वाल सोलता सोलताच, जाईबाईंकडे न बघता, त्या बोलल्या. "एकच गोष्ट लई लागली होती तवा. घरी गेले ती अंगावरनं पाणी ठिपकतंय आन कळशी कोरडी. सासू म्हणाली, आगं, भिजून आलीस आन पाणी कुटंय? घरात लेकरू तापानं फणफणल्यालं, हिचा बाप. ओढा आटल्याला. त्या दिशी रातपतूर घरात पाणी न्हवतं. जगलं लेकरू, नशीब. पर मी सकाळच्यानं थांबले होते. तुमी थांब म्हणाला होता."

जाईबाई उठल्या. सृष्टीने काठी उचलून हातात दिली. ती घेताना त्यांनी प्रथमच त्या मुलीकडे नीट पाहिले. "उद्या शरदचंद्रांना बोलावते," त्या म्हणाल्या. "तूही ये. उताराला कठडा किती उंचीवर लागेल ते तुला जास्त कळतं."

घरी आल्यावर त्यांनी सगळ्यांना अंगणात बोलावले आणि काहीही न वगळता सांगितले. कासारही सांगितला. साहेबरावांनी शर्टाच्या आत हात घालून उजव्या खांद्याखाली चाचपले, जणू अजून काही हाताला लागेल. अनिकेत म्हणाला, "पण आजी, मग आपण एवढी वर्षं..." आणि वाक्य तसेच राहिले.

"ते दगड मी धुणार आहे," जाईबाई म्हणाल्या. "शेंदूर निघाला की ते दगडच आहेत, ओढ्याचे ओढ्यात जातील. ज्यांच्या पावलांवर ते मांडले होते त्या उषाबाई आहेत, आणि त्या चांगल्या चालत्याबोलत्या आहेत. उतार बेचाळीस फुटांचा, सरळ. आरोही, तुझा तलाव होणार."

"गरम पाण्याचा?"

"गरम पाण्याचा. आणि मी काठावर बसणार, लक्ष ठेवायला. या वेळी उठणार नाही." मग साहेबरावांकडे वळून म्हणाल्या, "माळ्यावरून तांब्याची मोठी कळशी काढ. आणि दोर."

विहिरीवर मोटार होती. बटण दाबले की गच्चीवरची टाकी भरे. दोराने पाणी काढून तीस वर्षे लोटली होती. पोहरा मिळेना, तेव्हा त्यांनी दुधाची कडीची किटली दोराला बांधली. अपेक्षा मदतीला धावली, तिला त्यांनी दूर उभे केले. एकेक किटली वर येई, काठावर आपटे, निम्मी सांडे. सातव्या किटलीला कळशी गळ्यापर्यंत भरली.

"आजी, द्या मी गाडीत ठेवतो," अनिकेत म्हणाला. "तुम्हीपण बसा. दोन मिनिटांत जाऊ."

"तू गप्प उभा राहा."

त्यांनी कळशी कमरेवर घेतली. तरुणपणी दोन-दोन नेत असत. आज एकीने डावी बाजू बधिर झाली. भर अकराची वेळ. पिंपळाच्या पारावर माणसे बसलेली, थांब्यावर पुण्याची बस लागलेली. कोंडिबांची सून डोक्यावर पदर घेऊन, कमरेवर कळशी घेऊन खालच्या आळीकडे चालली आहे, हे पाहून पारावरचे बोलणे बंद पडले. बसच्या खिडक्यांतून तोंडे बाहेर आली. कुणीतरी धावत येऊन म्हणाले, "आईसाहेब, काय झालं? नळ गेला का?"

"वाट सोड," जाईबाई म्हणाल्या.

तीनदा त्यांनी कळशी खाली ठेवली. तीनदा उचलली. पाणी हिंदकळून लुगड्याची डावी बाजू चिंब झाली, पायातली वहाण घसरू लागली, तेव्हा ती त्यांनी रस्त्यातच सोडली. मागून सगळे घर अंतर राखून चालत होते; कळशीला हात लावण्याचे धाडस कुणी केले नाही.

उषाबाई दारात उभ्या होत्या. वार्ता चारशे पावले पुढे पोचली होती.

"पाणी," जाईबाई म्हणाल्या. दम लागला होता. "उशीर झाला."

त्यांनी कळशी ओट्यावर ठेवली. उषाबाईंनी वाकून आत पाहिले, दोन बोटे घालून मोजले आणि त्या म्हणाल्या, "गळ्यापतूर न्हाई. चार बोटं कमी हाय. सांडलं वाटंत."

"आजी!" सृष्टी ओरडली. घरात नळ होता, नळाला शुद्ध पाण्याचे यंत्र होते, आणि आळीतल्या दोन बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या.

जाईबाई वळल्या आणि चालू लागल्या.

"अवं बाई!" उषाबाईंनी हाक मारली. "मस्करी केली. बसा की. भरल्यावानीच हाय ती."

"नाही, उषाबाई. भरलेली नाही," जाईबाई मागे न बघता म्हणाल्या. "तुम्ही थांबा. मी आणते."

जायला आणि यायला त्यांना पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात ओट्यावरून कुणी हलले नाही, उषाबाईसुद्धा. जाईबाई परत आल्या त्या दोन्ही हातांनी विहिरीच्या पाण्याचा तांब्या धरून, पाऊल मोजून टाकत, एक थेंबही न सांडता. कळशीच्या तोंडावर त्यांनी तो हळूहळू ओतला. पाणी गळ्याशी आले, काठाशी आले, आणि एक धार बाहेरून ओघळून ओट्यावर उतरली.

"आता?"

"आता भरली," उषाबाई म्हणाल्या. "फिटलं, बाई."

त्यांनी कळशी दोन्ही हातांनी कवटाळून उचलली, आत नेली आणि भाताचे आधण त्याच पाण्याचे ठेवले. जाईबाई उंबऱ्याच्या आत, फरशीवर, ओल्या लुगड्यानिशी बसल्या आणि भात होईपर्यंत तिथून उठल्या नाहीत.